कल्ले बघणारी मालनकाकी

मालनकाकीने माझं ओळखपत्र चावून पाहिलं नाही, एवढंच. बाकी सगळं केलं. फोटो आणि माझं तोंड तीनदा ताडून पाहिलं, कार्ड उलटं केलं, उन्हात धरलं आणि परत देताना म्हणाली, "कार्ड कुणी पण छापतां, बाय. तुजां माहेर कंचां तां सांग."

माहेर मिरजोळ्याचं म्हटल्यावर तिने तिथल्या एका नणंदेला माझ्यासमोरच फोन लावला. बुटकी, चष्मेवाली, दीपाली नावाची कुणी तुमच्याकडची आहे का, असं विचारलं. नणंद हो म्हणाली तेव्हा मला पडवीत खुर्ची मिळाली. चहा मिळायला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या.

माझं काम तसं साधं आहे. मुंबईच्या एका संस्थेचा व्यसनावर अभ्यास चालू आहे. गर्दची पावडर सोडून घरी आलेली माणसं वर्षभरात परत का वळतात, आणि जी वळत नाहीत ती का वळत नाहीत, एवढंच शोधायचं. अभ्यास विनीत सरांचा. ते महिन्यातून एकदा येतात, आमच्याबरोबर दोन घरं फिरतात आणि मासे खाऊन परत जातात. उरलेले दिवस रत्नागिरीच्या आसपासची घरं माझ्याकडे. पिशवीत प्रश्नावली, लघवी घ्यायचे कप, तपासणीच्या पट्ट्या आणि एक लॅपटॉप. ती पिशवी उघडली की घरातली माणसं कशी बघतात ते मला आता पाठ झालंय. पण मालनकाकीसारखं कुणी बघितलं नव्हतं. प्रत्येक कप ती आधी स्वतः धुऊन घ्यायची, कंपनीने बंद करून पाठवलेला असला तरी.

तिचं घर पूर्णगडला, किल्ल्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. चाळीस वर्षं मासळीच्या धंद्यात गेलेली. आधी ओली मासळी डोक्यावरून गावोगाव नेली, गुडघे गेल्यावर सुकी मासळी धरली. घरासमोरच्या वाळवणीवर जवळा, बोंबील, सोडे पसरलेले असायचे आणि मध्ये ती काठी घेऊन. तिचा एक नियम होता. मासा कुणीही आणो, सख्ख्या भावाने आणला तरी, ती अंगठ्याने कल्ला उघडून आतला लालपणा बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मासा डोळ्याने फसवतो, कल्ल्याने फसवत नाही, असं तिचं म्हणणं. माणसांच्या बाबतीतही तिचं हेच चालायचं. शेजारीण साखर परत करायला आली की ती वाटीत बोट घालून चाखून बघायची.

तिचा हा स्वभाव मला सुरुवातीला डोक्यात जायचा. मी काही शांत बाई नाही. तिसऱ्या खेपेला मी तिला सरळ म्हटलं की काकी, मी तुमच्या मुलाला बरं करायला येते, चोरी करायला नाही. त्यावर ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली. मग तिने मला रुळाची गोष्ट सांगितली.

गौरव तिचा एकुलता. नवरा आगबोटीवर खलाशी होता. तोंडात वेलची टाकून दारूचा वास दहा वर्षं लपवत राहिला आणि एक दिवस गेला. गौरवला तिने दारूपासून जपलं. तो कधी प्यायला नाही. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत कामाला लागला तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला. डब्यात पोळ्या गार होतात म्हणून त्याने चांदीचा कागद आणायला सांगितला. पोळ्या गुंडाळायचा, रुळावर येतो तो. तिने आणून दिला. महिन्याला एक रूळ, मग दोन, मग तीन. पोरगा पोळ्या जास्त खातो म्हणून ती खूश. दीड वर्षाने समजलं की तो त्या कागदावर पावडर ठेवून खालून पेटवायचा आणि धूर ओढायचा.

"रूळ मीच आनून दिले," ती म्हणाली. "माज्या हातानी. तवापासून मी कुणावर विश्वास ठेवत नाय."

त्या दिवसानंतर मी कप धुण्यावरून तिला बोलले नाही.

गौरव तेव्हा एकोणतीसचा. अडीच महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला, घरी येऊन सात महिने झालेले. अंगाने बरा भरला होता. बोलायचा कमी. आई त्याचे खिसे उलटे करायची, उशी दाबून बघायची, न्हाणीत जास्त वेळ लागला की दार वाजवायची. तो काहीच म्हणायचा नाही. मी त्याला एकदा विचारलं, राग येत नाही का? तो म्हणाला की येतो, पण तिचंही खरं आहे.

या घरात जिच्यावर सगळं अडून होतं ती गोष्ट होती महिपतची लाँच. महिपत म्हणजे काकीचा चुलत दीर, तांडेल म्हणजे लाँच चालवणारा, आणि गावचा मानकरी. त्याच्या लाँचवरचा एक माणूस शिमग्याला आपल्या गावी गेला की परतणार नव्हता. ती जागा गौरवला मिळाली असती. मिरजोळ्याला परत जाणं म्हणजे त्याच दोस्तांच्या गराड्यात जाणं, आणि मुंबईला जाणं म्हणजे त्याहून वाईट. समुद्रावर चार-चार दिवस आपल्याच माणसांच्या मध्ये राहणं त्याच्यासाठी औषधासारखं होतं, हे विनीत सरही म्हणाले. पण महिपतचा विश्वास नव्हता. लाँचवर एक माणूस तंद्रीत राहिला तर दोरी दुसऱ्याच्या पायात अडकते, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. त्याने एक अट घातली. शिमग्यात देवाची पालखी काकीच्या घरी येईल तेव्हा गाऱ्हाणं घालताना तिने देवासमोर सांगायचं की या घरात आता कुणाला व्यसन नाही. ती बोलली की सोमवारपासून गौरव लाँचवर.

महिपतने तिलाच का निवडलं ते उघड होतं. मालन खोटी साक्ष देणार नाही आणि तिला कुणी फसवू शकणार नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अडचण एवढीच की तिला स्वतःला खात्री नव्हती. पालखीला पाच आठवडे होते. गौरव घरातच होता, दिसत होता, जेवत होता, आणि तरी तिच्या तोंडून "सुटलाय" हा शब्द निघत नव्हता.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी मी गेले तर ती वाळवणीवर उभी. मला बघितल्याबरोबर हात धरून बाजूला घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "त्याने परत घेतलान."

काय झालं विचारलं. केंद्रातल्या बाईने तिला सांगितलं होतं की गर्द घेतलेल्या माणसाच्या डोळ्यातली बाहुली बारीक होते, टाचणीच्या डोक्याएवढी. तेव्हापासून ती रोज गौरवला हाक मारून डोळे तपासायची. खालची पापणी अंगठ्याने ओढायची, कल्ला बघते तशी. आणि गेले आठ दिवस बाहुली मोहरीएवढी होती, रोज.

मी विचारलं, कुठे बघता? हितंच, ती म्हणाली. वाळवणीवर, भर दुपारी.

मला हसू आलं ते मी दाबलं. माझ्या पर्समधला छोटा आरसा काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तुमचे बघा. तिने बघितले. उन्हात कुणाचीही बाहुली बारीक होते. तिचीही मोहरीच होती. बराच वेळ ती आरशात बघत राहिली. मग आरसा पुसला, परत बघितलं, आणि मला विचारलं की हा आरसा कुठून घेतला.

पण तिच्या मनात काहीतरी बसलं. घरात आल्यावर ती म्हणाली की असं एकट्या त्याचं बघून काय कळणार, शेजारी चांगलं माणूस ठेवलं तर फरक समजेल. तिला ठाऊक नव्हतं, पण विनीत सरांचा अभ्यास याच पायावर उभा होता. व्यसनी माणसाच्या जोडीला त्याच घरातलं, व्यसन नसलेलं माणूस घ्यायचं आणि दोघांच्या त्याच तपासण्या करायच्या. मी तिला हे सांगितलं. ती लगेच तयार झाली. तराजूत दुसऱ्या पारड्यात वजन लागतं, म्हणाली, ते मी होते.

मी प्रश्नावली काढली. दारू घेता का? नाही. तंबाखू खाता का? नाही. विडी-सिगरेट ओढता का? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी पुढचा प्रश्न घाईत विचारला. सगळीकडे "नाही" लिहून मी सही घेतली.

त्यानंतर लॅपटॉपवरचा खेळ. पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी येतात आणि क्षणात जातात. मग एका बाजूला बाण उमटतो. बाण दिसला की कळ दाबायची. चित्रं साधी असतात, होडी, फूल, चमचा, खुर्ची. मध्येच चांदीचा कागद येतो, काड्यापेटी येते. ज्याला व्यसन होतं त्याचे डोळे त्या चित्राशी अडकतात आणि बाण दुसऱ्या बाजूला आला तर कळ दाबायला वेळ लागतो. अर्ध्या सेकंदाहूनही कमी. माणसाला स्वतःला ते कळत नाही, पण संगणक मोजतो.

गौरवला चांदीच्या कागदाशी वेळ लागला. सात महिने काही घेतलं नव्हतं तरी लागला. त्याचा आकडा मी काकीला सांगणार नव्हते, तसा नियम आहे. तिने माझ्या तोंडावरून ओळखलं आणि गौरवला विचारलं. त्याने सरळ सांगून टाकलं.

"म्हंजे अजून हाय त्याच्या डोक्यात," ती म्हणाली.

पालखीच्या आधीच्या गुरुवारी विनीत सर आले. त्यांनी पडवीत बसून तिला समजावलं आणि मला पहिल्यांदा ते आवडले, कारण त्यांनी घाई केली नाही. ते म्हणाले की मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. भूक लागल्यावर पेज मिळाली, लेकरू हसलं, जाळ्याला मासळी लागली की ते थोडंसं सुटतं. त्याने मेंदू खूण करून ठेवतो, की हे चांगलं होतं, परत इकडे यायचं. गर्दने ते इतकं सुटतं की मेंदू घाबरतो आणि ते ओळखणाऱ्या जागाच बंद करायला लागतो. मग पेज गोड लागत नाही, लेकराचं हसू कळत नाही, पावडरही पहिल्यासारखी चढत नाही. माणूस मजेसाठी घेत नसतो तेव्हा, नुसतं उभं राहता यावं म्हणून घेतो. सोडल्यावर त्या जागा हळूहळू उघडतात, पण महिने लागतात. आणि खूण मात्र राहते. कातळावरून माणसं चालून-चालून वाट पडते, मग माणसं जायची थांबली तरी वाट दिसत राहते, तसं. वाट दिसते म्हणजे तो चालतोय असं नाही.

काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तो चालतोय का नाय तां कसां कळायचां? सर म्हणाले, त्यालाच विचारायचं आणि पट्टीला विचारायचं. ती म्हणाली, पट्टीला विचारा.

गंमत म्हणजे चांदीच्या कागदाच्या चित्राशी काकीलाही वेळ लागला होता, गौरवपेक्षा जास्त. सरांनी तो आकडा दोनदा बघितला. मला रुळाची गोष्ट माहीत होती. मी ती सांगितली तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग पट्ट्या. या पट्ट्यांचं गणित उलटं असतं. दोन रेघा उमटल्या म्हणजे अंगात काही नाही. एकच उमटली म्हणजे आहे. गौरवच्या पट्टीवर गर्दच्या खान्यात दोन रेघा, गांज्याच्या खान्यात दोन, सगळीकडे दोन. ती पट्टी त्यानेच आईच्या हातात नेऊन दिली. तिने ती खिडकीशी धरली, नखाने रेघ खरवडली.

काकीच्या पट्टीवर दारूच्या, गर्दच्या, सगळ्या खान्यांत दोन रेघा होत्या. शेवटचा खाना तंबाखूचा. तिथे एकच रेघ होती, आणि दुसऱ्या रेघेच्या जागी काहीच नव्हतं, पुसटसुद्धा नाही. सरांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. मी दुसरी पट्टी काढली. तिच्यावरही तेच.

मी तिला एकटीला आत नेऊन सांगितलं. ती इतक्या जोराने ओरडली की एकटीला सांगण्यात काही अर्थ उरला नाही.

पुढचे दोन तास संशयाचे होते. पहिला संशय माझ्यावर आला, कप बदलले म्हणून. कपावर तिने स्वतः कोळशाने खूण केली होती, ती जशीच्या तशी होती. मग पट्टीवर आला, पण दोन पट्ट्या एकच सांगत होत्या. मग तिची नजर गौरवकडे वळली आणि तिथे थांबली. चहा आज सकाळी त्याने केला होता. ती एकदम शांत आवाजात त्याला म्हणाली की तू मला चहातून काय घातलंस? माझी पट्टी खोटी पडावी म्हणून? दोघं सारखी ठरावीत म्हणून?

गौरव उठला आणि खाडीकडे निघून गेला. सात महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला आईला उत्तर न देता जाताना बघितलं.

मला तेव्हाही सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते. मी इथलीच. माझ्या आईच्या कनवटीला खोचलेली पितळेची डबी मी जन्मापासून बघत आलेय. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी, झोपताना, बोटावर घेऊन दाताला लावायची. मशेरी. ती काय तंबाखू असते? ती दात घासायची असते. दाताला लावली की कीड लागत नाही, पोट साफ होतं. आमच्याकडे बायकांना तंबाखू खाता का विचारलं तर त्या चिडतात, आणि चिडून झालं की मशेरी लावतात. मुंबईत बनवलेल्या प्रश्नावलीत खाता का, ओढता का, एवढंच होतं. तिने दोन्हींचं खरं उत्तर दिलं होतं. आणि मीही तेच लिहिलं होतं, कारण आईची डबी मला कधी व्यसन वाटलीच नव्हती.

मला आठवलं ते काकीने डबी काढली तेव्हा. भांडण झाल्यावर तिने कनवटीची डबी सोडली, बोटावर चिमूट घेतली, आणि माझ्या डोळ्यांसमोर शांतपणे दातावर फिरवायला लागली.

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, थुंकून आली आणि हसली. मशेरी म्हणे व्यसन! तिच्या सासूने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या बोटावर दिली होती, दात काळे दिसले की सून घरची वाटते म्हणून. चव्वेचाळीस वर्षं. मी म्हटलं, सोडून बघा मग. चार दिवस लावू नका, मी सोमवारी नवी पट्टी आणते. दोन रेघा आल्या की मशेरीच होती असं समजायचं. एकच आली की गौरवला विचारू.

"चार दिवस काय, चाळीस दिवस नाय लावत," ती म्हणाली. "पन जेवन मी माजां येगळां शिजवनार."

पालखी मंगळवारी यायची होती.

मी सोमवारऐवजी रविवारीच गेले. कारण सांगायला लाज वाटते, पण माझाही तिच्यावर विश्वास नव्हता. इतक्या दिवसांच्या संगतीने मीही कल्ले बघायला शिकले होते.

दुपारची वेळ. पुढचं दार लावलेलं. हाक मारली तर उत्तर नाही, पण मागच्या बाजूने धूर येत होता आणि खोकला. तो वास मी झोपेतही ओळखेन. मागे गेले तर माडाच्या बुंध्याशी तीन दगडांवर तवा, तव्यावर तंबाखू, आणि काकी डोळे पुसत बसलेली. मला बघून तिने पदर तव्यावर घातला. पदर जळायचा राहिला तो थोडक्यात.

"मिरच्या भाजतंय," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत माझ्या मागून गौरव आला. तीन दिवस त्याने आईशी शब्द बोललेला नव्हता. त्याने तव्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा तोंडावर फेकणार, सात महिन्यांचे उलटे केलेले खिसे, वाजवलेली दारं, उन्हातले डोळे. तो तिच्याशेजारी मातीत बसला.

काकीने बोलायला सुरुवात केली आणि थांबली नाही. डोकं फुटतंय, म्हणाली. पोट तीन दिवस साफ नाही. शेजारणीच्या अंगावर ओरडले. बोंबलाची पाटी फेकून दिली. हात आपोआप कनवटीकडे जातो. चार दिवस म्हणजे चार दिवस, पण आज पालखीची तयारी आहे, काम होत नाही, म्हणून वायच, एकदाच, उद्यापासून परत बंद. कुणाला सांगायचं नाही एवढं...

आणि तिथे वाक्य अर्धंच राहिलं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला स्वच्छ दिसलं की तिने ते ओळखलं. वायच, एकदाच, उद्यापासून बंद. हे शब्द तिचे नव्हते. रुळाच्या गोष्टीत तिनेच मला सांगितलं होतं, दीड वर्षापूर्वी, याच घरात, गौरवने तिच्या पायाशी बसून तिला हेच सांगितलं होतं, याच क्रमाने.

गौरव म्हणाला, "आये, मला म्हायत हाय." मग थोड्या वेळाने, "पयले चार दिवस लय वायट. मग जेवन वायच गोड लागतां."

त्याने तवा खाली उतरवला. हिसकावला नाही. तिला विचारून उतरवला. ती रडली. मी या बाईला रडताना कधी बघेन असं वाटलं नव्हतं, आणि मी तिथे उभी राहायला नको होतं, पण पाय हलले नाहीत. जाताना मी पट्टी काढली नाही. काढायची गरज नव्हती. तिघांनाही निकाल माहीत होता.

मंगळवारी माझं तिथे काही काम नव्हतं. तरी गेले. सकाळी अकराच्या सुमारास ढोल ऐकू आले आणि पालखी अंगणात आली. तीस-पस्तीस माणसं, पोरं, दारात उभ्या बायका. सारवलेल्या अंगणात पालखी टेकली, काकीने ओटी भरली, नारळ ठेवला. ती मला वाळल्यासारखी वाटली. गौरव खांबाला टेकून उभा होता.

महिपतने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. मोठा आवाज त्याचा. बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या लेकरान तुजी आठवण ठेवलेली हाय. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. त्याच्या वाटेत काय आडवां आलां असेल तां दूर कर. व्हय म्हाराजा. मग तो थांबला आणि काकीकडे वळला. बाई गाऱ्हाणं घालत नाही आमच्याकडे. पण अट त्याची होती.

"बोल, वयनी," तो म्हणाला. "देवासमोर बोल. ह्या घरात व्यसन हाय का नाय?"

काकीने पदर डोक्यावर घेतला.

"ह्या घरात व्यसन हाय," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. सवयीने म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना कळलं काय म्हटलं ते. ढोलावर कुणाचा तरी हात पडला आणि गप्प झाला. गौरवने मान खाली घातली.

काकीने कनवटीची डबी सोडली आणि नारळाच्या शेजारी ठेवली.

"माजां हाय," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्सं. मला तीन दिवस पन रावता नाय आलां. चोरून तवा पेटवलंय, देवा, आनि मिरच्या भाजतंय म्हनून खोटां सांगलंय. ह्या पोरान सात म्हयने काडलान. मी त्याचे खिसे बघत व्हते, आनि तो गप ऱ्हायला. त्याची साक्ष मी देतंय. माजी कुनी देऊ नका."

महिपत डबीकडे बघत होता. दारातल्या बायकांकडे मी सहज बघितलं, तर त्यातल्या निम्म्या जणींचा हात कनवटीवर होता. महिपतची बायको त्यांतच.

शेवटी महिपतने हात जोडले आणि घसा साफ करून म्हणाला, बा देवा म्हाराजा, वयनीन सांगलां तां ऐकलंस. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा, पण या वेळी हळू. पालखी उठली. जाताना महिपत खांबाशी थांबला आणि गौरवला सांगून गेला की सोमवारी पहाटे बंदरावर ये, उशीर केलास तर लाँच थांबणार नाही.

याला आता वर्ष होईल. विनीत सरांच्या प्रश्नावलीत मी "मशेरी लावता का?" हा प्रश्न स्वतःच्या हाताने घातला. पहिल्यांदा तो विचारला तो माझ्या आईला. तिने मला घराबाहेर काढलं.

काकी अजून मधूनमधून घसरते. मशेरी दोनदा सुटली, दोनदा परत लागली, आता तिसऱ्यांदा सोडलीय. गौरव लाँचवर आहे. चार दिवसांनी बंदरावर उतरतो, अंगाला डिझेलचा वास घेऊन वाळवणीवर येतो आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी आईच्या समोर उभा राहतो. गेल्या गुरुवारी मी तिथेच होते. तिने त्याला नेहमीप्रमाणे सुनावलं, की मी काय लहान आहे का, माझ्यावर एवढा संशय, लोक बघतात, लाज नाही का वाटत.

"आये, तोंड उघड," तो म्हणाला.

तिने आजूबाजूला बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तोंड उघडलं.